एसी बदलायच्या आधी रात्री दहाला छताला हात लावून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय: सगळ्यात वरचा मजला, बेडरूमला पश्चिमेची मोठी खिडकी, सात वर्षं जुना दीड टनचा साधा एसी (म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, एकाच वेगाने चालणारा), तो १८ वर ठेवूनही रात्री अकरापर्यंत खोली गार होत नाही, युनिटं मागच्या महिन्याच्या दुप्पट झालीत आणि आता नवीन इन्व्हर्टर एसी घेऊ का असं विचारताय. शिवाय घरात वाद चाललाय की एसी सलग चालू ठेवायचा की मधे मधे बंद करायचा, वडील म्हणतात बंद कर, तुम्ही म्हणता परत गार करायला जास्त वीज जाते. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की सध्या आजी राहायला आल्यात. त्या ओळीकडे मी शेवटी येतो, ती विसरलेलो नाही.

मी एसी-फ्रिजच्या कामात २२ वर्षं आहे. हल्ली दुरुस्तीपेक्षा "बिल का वाढलं ते जरा बघून द्या" असलीच कामं जास्त येतात. अशा दहा घरांत गेलो तर दोन-तीन घरांत मशीन खरंच गेलेलं असतं, बाकीच्या घरांत मशीन बिचारं जीव तोडून काम करत असतं आणि खोलीच त्याला पुरून उरते. तुमचं वर्णन मला दुसऱ्या प्रकारातलं वाटतंय, आणि तसं वाटायचं कारण म्हणजे तो "रात्री अकरापर्यंत". सूर्य मावळून चार तास झाले तरी खोली गार होत नाही म्हणजे कुठेतरी उष्णता साठून राहिलीय. ती बहुतेक तुमच्या डोक्यावर आहे, स्लॅबमध्ये.

आधी एक सांगतो, यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. हवा कोरडी आहे की दमट, गच्चीवर काही करायची परवानगी आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू सांगतो, तुमचं तुम्ही बघून घ्या.

सगळ्यात पहिलं काम फुकटचं आहे. मीटरपाशी जा. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर वेगळं असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. ३२०० असेल तर एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला पावणेएकोणीसने गुणा, तेवढे वॅट त्या क्षणी घरात जातायत. म्हणजे मिनिटाला ९० वेळा झालं तर साधारण १७०० वॅट, हा तुमच्यासारख्या जुन्या दीड टनच्या एसीचा कॉम्प्रेसर (आउटडोअरमधली, गॅस दाबणारी मुख्य मोटर) चालू असतानाचा आकडा झाला. आता एसी, पंखे, दिवे सगळं बंद करून परत मोजा. एका घरात मी असं मोजलं तर सगळं "बंद" असताना मिनिटाला १२, म्हणजे सव्वादोनशे वॅट. शोधत गेलो तर बंद काचेच्या बाल्कनीत एक जुना दुसरा फ्रिज, फक्त पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवलेला, दाराचं रबर फाटलेलं आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नव्हता. रोजची पाच-साडेपाच युनिटं, महिन्याला १६० च्या आसपास, आणि घरातले लोक एसीवरून एकमेकांशी भांडत होते.

रात्रीचं मोजमाप याहून महत्त्वाचं आहे. एसी लावून दोन तास झाल्यावर लक्ष द्या, तो कटऑफ होतो का? म्हणजे बाहेरचा आउटडोअर मधे मधे थांबतो का, मीटरचा दिवा हळू होतो का? साध्या एसीत वीज वाचते ती याच वेळात, दुसरीकडे कुठे नाही. आठ तासांत कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही तर १३-१४ युनिटं गेली, निम्मा वेळ थांबला तर सात. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. तुमचा एसी १८ वर आहे आणि मला जवळपास खात्री आहे की तो रात्रभर थांबत नाहीये, कारण त्या खोलीत १८ कधी येणारच नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. १८ लावलं म्हणून साधा एसी जोरात गार करत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरतो, २६ लावा नाहीतर १६ लावा. रिमोटवरचा आकडा एवढंच सांगतो की थांबायचं कधी. जिथे पोचणं शक्यच नाही असा आकडा लावणं म्हणजे त्याला कधीच थांबू नको असं सांगणं. (इन्व्हर्टर एसी कमी आकडा लावल्यावर जास्त वेळ फुल स्पीडला राहतो, पण त्यालाही त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काही करता येत नाही.)

आता मूळ मुद्दा. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, पाणी उपसायच्या पंपासारखा. बोटीत पाणी येतंय आणि तुम्ही पंप लावलाय, तर आधी भोक बघायचं की पंप मोठा घ्यायचा? तुमच्या खोलीतली भोकं मोजू. दीड टन म्हणजे पूर्ण ताकदीने चालला तर एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, तेही नवा असताना आणि बाहेर ३५ अंश असताना. बाहेर ४० च्या वर गेलं की हा आकडा खाली येतो. म्हणजे ज्या दिवशी गरज जास्त त्या दिवशी ताकद कमी.

खिडकी समजा सव्वा मीटर बाय दीड मीटर, म्हणजे पावणेदोन-दोन चौरस मीटर. उन्हाळ्यात दुपारी चार ते सहा पश्चिमेचं ऊन थेट, जवळजवळ आडवं आत येतं, वरचा छज्जा असला तरी त्याचा तेव्हा काही उपयोग नाही कारण सूर्य खाली आलेला असतो. साधी एकेरी काच यातलं बहुतेक सगळं आत सोडते. ढोबळमानाने एक किलोवॅट उष्णता, म्हणजे खोलीत एक हीटर लावून ठेवल्यासारखं. पडदा लावलाय म्हणाल. आतला पडदा डोळ्यांना आराम देतो, थोडं ऊन परतही पाठवतो, पण ऊन काचेच्या आत येऊन पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पडद्याच्या आणि काचेच्या मधे हात घालून बघा संध्याकाळी पाचला, भट्टीसारखी हवा असते. ऊन काचेच्या बाहेर अडवलं पाहिजे. शेडनेट, बाहेरून सोडायचा पट्ट्यांचा पडदा, वेल, काहीही चालेल, पण काचेपासून थोडं लांब, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाईल. भाड्याचं घर असेल आणि बाहेर काही लावता येत नसेल तर आतून काचेला अगदी लागून पांढरा किंवा चंदेरी बोर्ड, चकचकीत बाजू बाहेर. दिसायला वाईट दिसतं, पण चार महिने सहन करा.

आता स्लॅब. दहा-साडेदहाला एकदा पंखा बंद करा (हे विसरू नका, हात वर जाणार आहे), स्टुलावर चढा आणि छताला तळहात टेकवा. मग खालच्या मजल्यावरच्या कोणाच्या घरी जाऊन त्यांच्या छताला टेकवा. एका गिऱ्हाइकाने माझं न ऐकता दोन टनचा नवा एसी बसवला होता आणि तरी मला बोलावलं, खोली गार होत नाही म्हणून. रात्रीचे दहा वाजलेले, मी छताला हात लावला तर इस्त्री करून नुकत्याच ठेवलेल्या कपड्यासारखं गरम, आणि एसीच्या तोंडाशी हवा अगदी व्यवस्थित १३-१४ अंश. मशीनची काही चूक नव्हती. त्यांना म्हटलं तुम्ही भट्टीखाली झोपताय.

होतं असं की काँक्रीट जाड असतं, दुपारी एक-दोनला वर बसलेला तडाखा खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास घेतो. म्हणजे बाहेर गार वारं सुटतं तेव्हा तुमची स्लॅब आतून सगळ्यात जास्त तापलेली असते आणि पुढे कितीतरी तास उष्णता सोडत राहते. बारा चौरस मीटरची खोली, छत आतून ४० अंश आणि खोली ठेवायचीय २६ ला, तर परत साधारण एक किलोवॅटच्या घरात नुसतं वरून येतंय. आणि वाईट म्हणजे ही उष्णता हवेतून कमी आणि किरणांनी जास्त येते, शेकोटीसमोर बसल्यावर तोंड तापतं ना तशी. म्हणून हवा २४ झाली तरी अंगाला गरमच वाटतं, मग माणूस रिमोट उचलतो आणि २२, २०, १८ करत जातो. तुमचं १८ असंच झालं असणार.

उपाय वरच्या बाजूने. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा कोट. गडद गच्ची कडक उन्हात ६० अंशांच्या वर सहज जाते, पांढरी केली की पृष्ठभाग बराच खाली येतो, १५-२० अंशांचा फरक मी स्वतः इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलाय. फक्त धूळ बसली की तो पांढरेपणा जातो, त्यामुळे उन्हाळ्याच्या मध्यावर एकदा धुवून काढायचं. परवानगी नसेल तर निदान बेडरूमच्या डोक्यावरच्या भागावर शेडनेट ताणा, जमिनीपासून हातभर तरी वर, खालून वारा गेला पाहिजे. काही लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, कोरड्या हवेत त्याने फरक पडतो हे खरंय, पण मी सांगत नाही कोणाला, उन्हाळ्यात पाण्याची नासाडी आणि भेग असली तर गळती. आतून फॉल्स सीलिंगने थोडा फरक पडतो, मधे हवेची पोकळी तयार होते म्हणून, पण आधीच तापून झालेल्या स्लॅबला खालून झाकण्यापेक्षा ती तापू न देणं केव्हाही बरं.

आता खिडक्या कधी उघडायच्या. यात लोक सवयीने चुकतात, दुपारी "वारा येऊ दे" म्हणून सताड उघड्या आणि रात्री घट्ट बंद. दोन साधे तापमापक घ्या, एक घरात, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडा, वर गेला की बंद करून पडदे ओढा. एवढंच. एका बाजूची खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघडं असेल तर हवा आरपार जाते, नुसती एक खिडकी उघडून फारसं काही होत नाही. किचनचा एग्झॉस्ट असेल तर तो पहाटे अर्धा-पाऊण तास लावून बाकीच्या खिडक्यांतून गार हवा आत ओढून घ्या, भिंती आणि फरशी गार झाली की ती दुपारपर्यंत पुरते. दमट हवेत मात्र जरा जपून, एसीच्या खोलीत पहाटे ओली हवा भरून घेतली तर रात्री तो ओलावा एसीलाच काढावा लागतो.

ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण या बाबतीत फार कमी लोक विचार करतात. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं, ज्याला आपण पहिला एसी म्हणतो, ते माणसांना गार वाटावं म्हणून नव्हतंच, हवेतल्या दमटपणामुळे कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत म्हणून होतं. एसी आजही दोन कामं करतो, हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो, आणि दुसऱ्या कामाला बरीच वीज खातो. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा त्यात साधारण दोन तृतीयांश युनिट एवढी उष्णता जाते आणि ते पाणी परत काढायचं म्हणजे एसीने तेवढीच उपसायची. तर एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. तीन लिटर पाणी त्या कपड्यांत असलं तर ते सगळं हवेत जातं आणि एसीलाच परत काढावं लागतं, रोज. बाथरूमचं दार बंद ठेवा. आणि एसी चालू असताना त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावायचा नाही, हे मी खरंच पाहिलंय, दोन्ही लावले म्हणजे दुप्पट गार होईल असं वाटून. एक हवेत पाणी सोडतोय आणि दुसरा तेच पाणी काढतोय.

हवा कोरडी असेल तर मात्र कूलरसारखं स्वस्त काही नाही, दीडशे-दोनशे वॅटमध्ये काम होतं. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, ओली हवा बाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत लावला तर तासाभरात चिकचिक सुरू. दमट हवेत त्याचा नाद सोडून द्या.

पंखा. पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार वाटवतो, घाम उडवून. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणं म्हणजे नुसती मोटरची उष्णता खोलीत सोडणं. पण एसीच्या जोडीला पंखा लावला तर तोच गारवा दोन-तीन अंश वरच्या आकड्यावर मिळतो, आणि एसीचा आकडा एक अंश वर नेला की साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते असं धरतात. तुमच्या केसमध्ये १८ वरून २६ वर आणि पंखा मध्यम असं करून बघा, पण पहिल्या दिवशी ही उडी मारू नका, घरचे बंड करतील. दोन-दोन दिवसांनी एक-एक अंश. साधा जुना पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरवाला ३० च्या आसपास, तीन पंखे रोज दहा तास चालत असतील तर महिन्याला ४० युनिटांचा फरक, तो काही छोटा नाही. नवीन काही घ्यायचंच असेल तर माझ्या मते एसीच्या आधी पंखे.

आता तुमचा आणि वडिलांचा वाद. वाईट वाटून घेऊ नका, वडील बरोबर आहेत, जवळजवळ. गळकी बादली घ्या, जितकी भरलेली ठेवाल तितकी जोरात गळते. खोली बाहेरच्यापेक्षा जितकी गार ठेवाल तितक्या जोरात उष्णता आत येते. एसी बंद केला की खोली तापत जाते आणि तापत जाईल तशी आत येणारी उष्णता कमी होत जाते, म्हणजे एकूण उपसायची उष्णता कमीच होते, नंतर परत गार करायला लागते ती धरूनसुद्धा. त्यामुळे दोन-तीन तास खोलीत कोणी नसेल तर बंद करा, शंकाच नको. "जवळजवळ" अशासाठी म्हटलं की खोलीत माणसं असताना दर तासाला उठून बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही, ते काम थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमान बघून एसी थांबवणाऱ्या भागाचं आहे आणि तो तुमच्यापेक्षा बरं करतो, आणि कॉम्प्रेसर बंद करून लगेच दुसऱ्या मिनिटाला चालू करणं मशीनला चांगलं नाही, तीन-चार मिनिटं जाऊ द्यावीत. इन्व्हर्टर असेल तर वीस मिनिटांसाठी बाहेर जाताना बंद नाही केला तरी चालतं, कमी वेगाला तो फार थोडी वीज घेतो. पहाटे तीन-चारला स्लॅब बरीच निवलेली असते, तेव्हा टायमरने एसी बंद आणि पंखा चालू, बहुतेक लोकांना झोपेत कळतही नाही.

आता मशीनकडे येऊ. जाळी, म्हणजे फिल्टर, एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवून परत लावायची, याला माणूस बोलवायची गरज नाही. जाळी तुंबली की आतल्या कॉइलवरून (गार होणाऱ्या नळ्यांवरून) हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो, मग पाणी गळतं आणि लोक मला "गॅस संपला" म्हणून फोन करतात. घरच्या घरी एक चाचणी: एसी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तापमापक वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग खाली, जिथून गार हवा येते तिथे. फरक ८ ते १२ अंश असेल तर मशीन ठीक आहे, बाहेर शोधा. चार-पाचच असेल तर सर्व्हिसला बोलवा.

आणि गॅस. एसीतला गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांत तो फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला म्हणजे गळला. दरवर्षी उन्हाळ्यात "थोडा गॅस टाकून देतो" म्हणणारा माणूस पंक्चर न काढता हवा भरतोय. आधी गळती शोधायला सांगा, जोडाच्या नटांवर साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनने प्रेशर देऊन, मग व्हॅक्यूम करायचं, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढायची, आणि मग वजनकाट्यावर मोजून भरायचं, किती ग्रॅम ते आउटडोअरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. अंदाजाने जास्त भरला तरी वीज जास्तच जाते. कुठला गॅस आहे तेही त्याच लेबलवर असतं, आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो, सहज नाही पण घेतो, त्यामुळे जोडकामाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा आणि सिगारेटवाल्याला लांब.

आउटडोअरला श्वास घ्यायला जागा हवी. ही चूक मी स्वतःच्या घरी केलीय, सांगायला लाज वाटते. बाल्कनीत आउटडोअरसमोर बायकोने कुंड्या मांडल्या, त्यावर मी ऊन लागू नये म्हणून एक जुनं ताडपत्रीचं छप्पर बांधलं, चांगलं खालपर्यंत, आणि वर स्वतःवरच खूश. आठवड्याने एसी दुपारी ट्रिप व्हायला लागला. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) लावला तर करंट नेहमीपेक्षा चढा. आउटडोअरने फेकलेली गरम हवा ताडपत्रीला आपटून परत त्याच्याच पाठीमागे जात होती आणि तीच हवा तो परत ओढत होता. बावीस वर्षं लोकांना सांगणारा माणूस! सावली हवीच असेल तर फक्त डोक्यावर, समोर आणि मागे मोकळं. फिन्स, म्हणजे आउटडोअरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, धुळीने भरल्या असतील तर मेन स्विच बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवायच्या, जोराच्या फवाऱ्याने त्या वाकतात आणि मग हवाच जात नाही.

बाकी घराबद्दल पटकन. फ्रिज भिंतीपासून चार बोटं तरी पुढे, त्याची उष्णता मागून किंवा बाजूने बाहेर पडते. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर रबर बदला. आतला आकडा ३ ते ५ अंश पुरे, फ्रीजर उणे १८. गरम भांडं आत ठेवू नका. गिझर उन्हाळ्यात बंदच ठेवा, टाकीतलं पाणी तसंही तापलेलं येतं. स्टँडबायला दहा वॅट खाणारा एखादा डबा टीव्हीखाली असतो, चोवीस तास, महिन्याला सात युनिटं, तो मेन बटणाला बंद करा. मोबाइलचा चार्जर काढून ठेवणं वगैरे करा हवं तर, पण त्याने बिल हलणार नाही, लोक त्यावर जेवढा जीव टाकतात तेवढा खिडकीवर टाकला तर काम होईल.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: आधी मीटर मोजून कुठे जातंय ते बघणं, मग खिडकी बाहेरून झाकणं, मग स्लॅब, त्याच वेळी पंखा लावून आकडा २६ कडे नेणं, मग सर्व्हिस. हे करून दोन आठवडे रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहा.

नवीन एसीचं त्यानंतर ठरवा. दोन आठवड्यांनी एसी व्यवस्थित कटऑफ व्हायला लागला आणि रात्रीची युनिटं खाली आली तर अजून दोन-तीन उन्हाळे हा एसी ओढेल. आत-बाहेरच्या हवेतला फरक सर्व्हिसनंतरही कमी राहिला, कॉइल गळतेय, कॉम्प्रेसर करंट जास्त घेतोय, तर पैसे घालू नका दुरुस्तीत, बदला. आणि इन्व्हर्टरच घ्या, रोज सात-आठ तास वापर असेल तर तो परवडतो, कारण खोली गार झाल्यावर तो कमी वेगाने चालत राहतो आणि कमी वेगालाच त्याची खरी बचत आहे. पण हेच उलटं करून बघा: तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या उघड्या काचेशेजारी तो बसवला तर तो रात्रभर फुल स्पीडलाच राहील, आणि मग त्याच्यात आणि तुमच्या जुन्यात फरक थोडाच उरतो. दुकानदार दोन टन घ्या म्हणेल. गरजेपेक्षा मोठा घेतला तर हवा पटकन गार होऊन तो थांबतो आणि ओलावा काढायला वेळच मिळत नाही, अंगाला थंड आणि चिकट असं दोन्ही एकदम वाटतं. खिडकी आणि छताचं काम आधी झालं असेल तर कदाचित एक टनवरही भागेल, म्हणून तर म्हणतो आधी ते करा.

आता आजी. वर जे काही लिहिलं ते त्यांच्या खोलीला जसंच्या तसं लावू नका. वयस्कर माणसांना तहान कमी लागते, घामही कमी येतो आणि "मला काही होत नाही" म्हणायची सवय असते. हवा ३५ च्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम झालेली असते, तेव्हा पंखा घाम उडवूनच काय तो मदत करतो, आणि घामच कमी येत असेल तर नुसत्या पंख्यावर भागत नाही, ४० च्या वर तर तो अंगावर गरम झोतच मारतो. त्यांना दुपारी घरातल्या सगळ्यात गार खोलीत बसवा, बहुतेक ती उत्तरेची किंवा जिच्या डोक्यावर स्लॅब कमी तापते ती असेल, आणि गरज असेल तर एसी लावा, तिथे युनिटं मोजू नका. घरातले सगळे दुपारी त्याच एका खोलीत बसले तर बाकीच्या दोन खोल्यांतले पंखे आणि एसी आपोआप बंद राहतात, यात बचतही होते. त्या खोलीत तापमापक त्यांच्या पलंगाजवळ, उशीच्या उंचीला ठेवा, कारण रिमोटवर दिसतो तो तुम्ही लावलेला आकडा असतो, खोलीतला नाही, आणि एसीचा सेन्सर वर छतापाशी बसून काय मोजतोय ते उशीपाशी तसंच असेल असं नाही. अंग गरम, बोलण्यात गोंधळ, चक्कर असं काही दिसलं तर ओल्या कपड्याने अंग पुसत लगेच डॉक्टरांकडे न्या.

मीटरवर किती छापलंय आणि रात्री मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते कळवा, मग पुढचं बोलू.